कोठुरे ते ब्रह्मावर्त: बाळंभटदादा देवधर आणि मल्लखांबाचा उत्तरेतला प्रवास

मराठी व्यायामपरंपरेत ज्या गुरूंची नावे आजही आखाड्यात आदराने घेतली जातात, त्यांत बाळंभटदादा देवधरांचे स्थान फार वरचे आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या या मल्लविद्येच्या आचार्यांनी पहिलवानाच्या पूरक मेहनतीचा एक प्रकार उचलला आणि त्याला स्वतःची पकड, स्वतःची चढण, स्वतःची परिभाषा व स्वतःची गुरुपरंपरा असलेल्या विद्येचे रूप दिले. ती विद्या म्हणजे मल्लखांब. मल्ल म्हणजे कुस्तीगीर आणि खांब म्हणजे जमिनीत रोवलेला लाकडी स्तंभ, एवढा या शब्दाचा सरळ अर्थ. या गुरूच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध पुण्यात आणि उत्तरार्ध गंगेकाठी गेला. ज्या पराभवाने पेशवाई संपली, त्याच पराभवामुळे ही विद्या दख्खन सोडून उत्तरेत गेली, तिथल्या मराठी वसाहतींत टिकली आणि पुढे नव्या बळाने महाराष्ट्रात परतली. म्हणून बाळंभटदादांचे चरित्र एका व्यायामपटूच्या चरित्रापेक्षा बरेच अधिक सांगते.

खांबावर मेहनत करण्याची कल्पना बाळंभटदादांच्या फार आधीची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या आणि बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचल्या गेलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात राजाश्रयाला असलेल्या मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग सांगितले आहेत आणि त्यांच्याकडून करून घ्यायच्या मेहनतीचे प्रकारही नोंदवले आहेत. भार उचलण्याचा तो भारश्रम, पाण्यातला तो सलिलश्रम आणि खांबावरचा तो स्तंभश्रम. श्रम या शब्दाचा अर्थ इथे कष्ट असा नसून शिस्तीने केलेला सराव असा घ्यावा लागतो. गुजरातेत मोढेऱ्याशी नाते सांगणाऱ्या ज्येष्ठीमल्लांनी, म्हणजे बोलीतल्या जेठींनी, मल्लविद्या कुलधर्मासारखी सांभाळली आणि ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ त्यांच्याच परंपरेतला आहे. तेव्हा बाळंभटदादांना मल्लखांबाचे जनक म्हणण्याची जी रूढी आहे, ती थोडी सुधारून त्यांना या विद्येचे पुनरुद्धारक म्हणणे अधिक न्यायाचे ठरेल. असे म्हटल्याने त्यांचे श्रेय कमी होत नाही, कारण ग्रंथात नाव उरलेला व्यायाम आणि मुलाच्या अंगात उतरवता येणारा व्यायाम यांत जे अंतर असते, ते कापायला एक पूर्ण आयुष्य खर्ची घालावे लागते.

देवधरांचे मूळ गाव नाशिकजवळचे, गोदाकाठचे कोठुरे. दुसऱ्या बाजीरावांना १७९६ मध्ये पेशवेपद मिळाले, त्या काळात हा तरुण पुण्याच्या दरबारी आश्रयाला होता. गुरुपरंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली कथा अशी आहे की निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. कोणीच पुढे येईना, तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या बाळंभटाने ते स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. तो वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर जाऊन अनुष्ठानाला बसला. तिथे मारुतीने दृष्टान्त देऊन लाकडी खांबावरचे डाव दाखवले, त्या डावांच्या बळावर त्याने अलीला चीत केले आणि ते पाहून गुलाबाने माघार घेतली, असे ही कथा सांगते.

या कथेतला दृष्टान्त हा श्रद्धेचा भाग आहे आणि तो श्रद्धेनेच वाचावा, कारण रामदासांनी सतराव्या शतकात मारुतीची स्थापना करून बलोपासनेला जे अधिष्ठान दिले, त्याच्याशी मल्लखांबाचा गुरू स्वतःला जोडून घेत होता. तरीही कथेच्या आत व्यायामशास्त्राचा एक खरा प्रश्न दडलेला आहे, तो असा की वजनाने आणि अनुभवाने कितीतरी भारी असलेल्या मल्लासमोर हलक्या अंगाच्या मुलाने उभे कसे राहावे. कथेने दिलेले उत्तर ताकद वाढवण्याचे नाही. ते पकड, लवचीकपणा आणि उलटसुलट फिरूनही न सुटणारा तोल यांचे उत्तर आहे. माकड फांदीला धरते ते केवळ हाताने धरत नाही, हे पाहणाऱ्या माणसाची नजर त्यात दिसते आणि मारुतीचा दृष्टान्त या विद्येला इतका शोभून दिसतो तो त्यामुळेच.

खांबाची घडण पाहिली म्हणजे हा विचार अधिक स्पष्ट होतो. पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो, तो जमिनीवर माणसाच्या उंचीपेक्षा हात-दीड हात अधिक येतो आणि खालून वर निमुळता होत जातो. त्याच्या जाड भागाला अंग, वरच्या बारीक भागाला मान आणि टोकावरच्या गोलसर गाठीला बोंड म्हणतात. ही नावे उघडच माणसाच्या शरीरावरून घेतलेली आहेत, कारण खांब हा प्रतिस्पर्ध्याच्या जागी उभा असतो. त्याच्या मानेला कवळ घालता येते, त्याच्या अंगाला पायांचा विळखा घालता येतो, आणि हाडामांसाच्या जोडीदाराप्रमाणे तो कधी दमत नाही, दयाही दाखवत नाही. त्याला एरंडेल चोळतात. त्यामुळे लाकूड अंगाला सोलत नाही, मात्र हात निसटण्याची शक्यता राहते आणि तीच इथे शिक्षकाचे काम करते. पकड चुकली की मुलगा खाली घसरतो आणि चूक कुठे झाली हे त्याच्या मांडीला व काखेला गुरूच्या आधी कळते.

कसरतींची परिभाषा याहून बोलकी आहे. दोन्ही पाय एकमेकांवर चढवून खांबाला घातलेल्या विळख्याला अढी म्हणतात आणि शिकण्याचा आरंभ तिथूनच होतो, कारण अढी पक्की असेल तरच हात मोकळे सोडून उलटे लटकता येते. त्यानंतर दसरंग येतो, म्हणजे हातांनी खांब धरून शरीर उलटे करत पुन्हा पायांनी पकड घेण्याची कसरत, जी पुढच्या बहुतेक उड्यांचा पाया मानली जाते. काखेत खांब दाबून मारलेली ती बगली. हात आणि खांब यांच्यामधल्या फटीतून सगळे शरीर ओवून बाहेर काढण्याच्या कसरतीला सुईदोरा म्हणतात आणि वेलीसारखे गुंडाळत वर जाण्याला वेल. निशाणाप्रमाणे अंग खांबापासून आडवे ताणून धरले की तो फरारा होतो, आणि बोंडावर तोल साधून राहण्याला ताजवा, म्हणजे तराजू, असे नाव आहे. शिवणकाम, शेत, बाजार आणि लष्करी तळ यांतून उचललेले हे शब्द पाहता ही विद्या पोथीतून न येता बोलत्या माणसांच्या तालमीत वाढली, याबद्दल शंका राहत नाही. मानसोल्लासातला स्तंभश्रम आणि ही मराठी परिभाषा यांच्यामध्ये सहा-सात शतकांचे अंतर आहे, आणि ते भरून काढणाऱ्या पिढ्यांच्या टोकाला बाळंभटदादा उभे आहेत.

ज्या दरबारात ही विद्या वाढत होती, त्याचे दिवस मात्र मोजके उरले होते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून बाजीरावांनी कंपनीची तैनाती फौज पत्करली. पुढच्याच वर्षी दौलतराव शिंद्यांचा पराभव झाला आणि ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने गंगा-यमुनेच्या मधला दुआब मराठ्यांच्या हातून गेला. दुआब म्हणजे दोन नद्यांमधली भूमी. तिच्या वरच्या भागात, दिल्लीच्या पूर्वेला हिंडन नदीकाठी, वजीर गाझीउद्दीन याने १७४० मध्ये वसवलेले गाझीउद्दीननगर होते. रेल्वे आल्यावर त्याचे नाव आखडून गाझियाबाद झाले. खाली, कानपूरच्या वरच्या अंगाला गंगेच्या काठी, बिठूर होते आणि ब्रह्मदेवाच्या यज्ञाची भूमी म्हणून त्याला ब्रह्मावर्त असेही म्हणत. शिंद्यांच्या फौजांनी ज्या दुआबातून सारा वसूल केला होता, त्याच दुआबात पंधरा वर्षांनी मराठ्यांचा पेशवा निवृत्तिवेतनावर जगणारा परागंदा म्हणून राहायला आला, हा इतिहासातला दैवदुर्विलास फार बोचरा आहे.

बाजीरावांनी ३ जून १८१८ रोजी सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन होऊन सालीना आठ लाख रुपयांचे वेतन मान्य केले आणि १८१९ च्या आरंभी ते बिठूरला पोहोचले. त्यांच्याबरोबर कारकून, पुराणिक, आचारी, शागीर्द, वैदिक ब्राह्मण असा हजारो माणसांचा लोंढा उत्तरेत गेला आणि त्यातच बाळंभटदादाही होते. बिठुरात पेशव्यांवर नजर ठेवण्यासाठी कंपनीचा कमिशनर बसवलेला होता, त्यामुळे फौज बाळगणे, मोहीम आखणे, परदरबारांशी राजकारण करणे हे सगळे बंद झाले होते. उरली होती ती देवघरे, घाट, दानधर्म आणि तालीम. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत बाजीरावांची विलासी म्हणून पुष्कळ निंदा झाली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे, परंतु त्यांना व्यायामाची, विशेषतः सूर्यनमस्कारांची, मनापासून आवड होती हेही तितकेच खरे आहे. गादी गमावलेल्या धन्याने आपल्या वस्तादाला अंतर दिले नाही, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. वस्ताद म्हणजे तालमीतला मुख्य शिक्षक, फारसी उस्ताद शब्दाचे मराठी तोंडात बसलेले रूप.

बिठूरच्या या आखाड्यात ज्यांची अंगे घडली, त्यांत परंपरा नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि मणिकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांची नावे घेते. मणिकर्णिकेचे वडील मोरोपंत तांबे काशीत बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते आणि चिमाजीअप्पांच्या निधनानंतर ते बिठूरला आले, म्हणून ती मुलगी पेशव्यांच्या वाड्यात मुलग्यांबरोबर वाढली. नानासाहेबांना बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतले. या मंडळींनी पुढे १८५७ मध्ये जे केले, त्याचे सगळे पुण्य तालमीच्या पदरात टाकणे अतिशयोक्तीचे होईल. तरी एवढे मान्य करावेच लागते की ज्या पिढीला लढण्यासाठी कोणतेही राज्य उरले नव्हते, त्या पिढीची शरीरे लढण्याजोगी राखण्याचे काम बिठुरात कोणीतरी रोज पहाटे करत होते, आणि ते राज्याश्रित गुरूचे साधे, पुनरावृत्तीचे आणि कौतुक न होणारे काम होते.

याच सुमारास जे पुण्यात मागे राहिले, त्यांच्यातल्या एका वस्तादाची वाट अगदी वेगळी होती आणि ती शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय बाळंभटदादांच्या कार्याची मर्यादाही ध्यानात येत नाही. पुरंदरच्या पायथ्याच्या पेठ गावी १७९४ मध्ये जन्मलेले लहुजी राघोजी साळवे हे मातंग समाजातले. त्यांचे वडील राघोजी खडकीच्या लढाईत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, इंग्रजांशी लढताना पडले. लहुजींनी १८२२ च्या सुमारास पुण्यात तालीम उघडली. तिथे कुस्तीबरोबर दांडपट्टा, म्हणजे हात झाकणारी खोळ असलेली लांब लवचीक तलवार, आणि निशाणबाजी शिकवली जाई. जोतीराव फुले याच तालमीत शिकले आणि त्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळांच्या पाठीशी लहुजी वस्ताद उभे राहिले. एका गुरूला पेशव्यांच्या वाड्याचे छत होते. दुसऱ्याचा वाडा, गाव आणि धनी सगळे गेले होते, आणि म्हणूनच त्याची तालीम पेठेतल्या कोणत्याही जातीच्या मुलाला खुली राहू शकली. मल्लखांबाच्या इतिहासग्रंथांतून लहुजींचा उल्लेख सहसा येत नाही आणि लहुजींच्या चरित्रांतून बाळंभटदादांचा. एकाच बुडालेल्या राज्यातून निघालेल्या या दोन धारा निरनिराळ्या कपाटांत बंद झाल्या, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

बिठूरच्या तालमीला वाड्याचे छत होते तोवर तिला वाड्याच्या दैवातही भागीदार व्हावे लागणार होते. बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि लॉर्ड डलहौसीच्या सरकारने दत्तक पुत्राचे वेतन नाकारले. १८५७ चा मे संपताना हिंडनच्या काठी, गाझियाबादजवळ, मेरठहून दिल्लीकडे निघालेल्या इंग्रजी पलटणीची बंडवाल्या शिपायांशी दोन दिवस झुंज झाली आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात दुआबाच्या खालच्या टोकाला कानपूर पेटले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बिठुरावर इंग्रजी फौजा चालून गेल्या आणि पेशव्यांचा वाडा उद्ध्वस्त झाला. मल्लखांब केवळ बिठुरातच राहिला असता, तर तोही तेव्हाच मातीला मिळाला असता. त्याला तारले ते काशीने.

काशीत मराठी माणसांची वस्ती जुनी आणि दाट होती. अहल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले होते, दुर्गाघाट व ब्रह्माघाटाच्या परिसरात दख्खनी ब्राह्मणांची घरे होती आणि पाठशाळांबरोबर आखाडेही होते. बाळंभटदादांनी आपल्या हयातीतच या नगरीत विद्येचे रोप लावले. त्यांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले, पुत्र नारायणगुरू देवधर आणि त्या घराण्यातून घडलेले दामोदरगुरू मोघे ही नावे तिथल्या गुरुमालिकेत आदराने उच्चारली जातात. वाडा जाळता येतो, वेतन बंद करता येते, पण घाटावरच्या एका बोळात दहा मुलांना अढी शिकवणाऱ्या गुरूकडून जप्त करण्यासारखे काहीच नसते. शिवाय खांब उपलब्ध नसला तरी हा व्यायाम थांबत नसे. छताला टांगलेल्या वेतावर त्याच पकडी होत, आणि चांगला वेत मिळेनासा झाल्यावर त्याची जागा दोरीने घेतली. आज मुली ज्या दोरीच्या मल्लखांबावर डोळ्यांचे पारणे फेडतात, त्याचे मूळ या वेतात आहे.

युरोपातल्या जिम्नॅस्टिक्सची उपकरणे मल्लखांब पाहूनच तयार झाली, असा दावा अधूनमधून अभिमानाने केला जातो, पण त्याला आधार सापडत नाही आणि बाळंभटदादांच्या थोरवीला त्याची गरजही नाही. प्रशियात नेपोलियनकडून झालेल्या पराभवानंतर फ्रीडरिश लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळ उघड्या मैदानावर व्यायामशाळा सुरू केली आणि तिथून समांतर व आडव्या दांड्यांचा प्रसार झाला, ही घटना मात्र तुलनेला उपयोगी आहे. पराभूत झालेल्या समाजांनी आपल्या तरुणांच्या शरीरांकडे वळावे, हे एकाच काळात दोन दूरच्या भूमींवर एकमेकांना न विचारता घडले. यानच्या मागे छापखाना, विद्यापीठे आणि राष्ट्रवादी विद्यार्थी होते. बाळंभटदादांच्या मागे फक्त शिष्य होते, त्यामुळे त्यांची विद्या कागदावर येण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

परतीचा प्रवास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. काशीच्या गुरुमालिकेतले शिष्य मुंबईसारख्या वाढत्या शहरांत आले आणि खासगी व्यायामशाळांतून मल्लखांब रुजू लागला. त्याच सुमारास गायकवाडांच्या बडोद्यात मराठी व्यायामविद्येचे दुसरे मोठे केंद्र तयार झाले होते. जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव (१८७८-१९५४) यांनी गुरूच्या नावे चाललेल्या व्यायाममंदिरात मल्लखांब, लाठी, लेझीम, जंबिया आणि कुस्ती यांना एका अभ्यासक्रमात बसवले आणि शेकडो मुलांना एका हुकमावर एकाच वेळी करता येईल असा संघव्यायाम देशी भाषेतल्या आज्ञांसह घडवला. पुढे लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद हे त्यांचेच शिष्य. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा मराठी ‘व्यायामज्ञानकोश’ संपादित केला. ज्या विद्येचा गुरू दृष्टान्ताच्या कथेत आणि शिष्यांच्या स्मरणात उरला होता, तिच्या पकडी आणि उड्या या कोशामुळे चित्रांसह छापील पानावर आल्या. हे काम एखाद्या विद्यापीठाने न करता व्यायामाच्या ध्यासाने पछाडलेल्या एका संपादकाने केले, याची नोंद मराठी ग्रंथव्यवहाराने अधिक ठळकपणे घ्यायला हवी होती.

वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीस गेले आणि त्याने भारतीय व्यायामप्रकार तिथे करून दाखवले. मुंबईत काळे गुरुजींनी १९२५ मध्ये सुरू केलेले श्री समर्थ व्यायाम मंदिर दादरच्या शिवाजी पार्कवर नावारूपाला आले. मल्लखांबाला गुणांकन, वेळ आणि ठराविक संच असलेल्या स्पर्धेचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले आणि १९८१ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा शिंद्यांच्या जुन्या राजधानीत, उज्जैनला, भरली. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याआधी २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवरच मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली होती आणि तिच्यासाठी पंधरा देशांचे खेळाडू आले होते. कोठुऱ्याच्या देवधरांच्या मुलाने ज्या लाकडाला मान, अंग आणि बोंड यांसह माणसासारखे वागवायला शिकवले, त्या लाकडाला एरंडेल चोळून परदेशी खेळाडूंनी तिथे अढी घातली.